पावसाची भूमी
(देवावर भिस्त ठेवून रोजचे जगणे : प्रस्तावना)

पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना त्यांच्या नव्या देशाची माहिती देतो. ती एका शेतकऱ्याने दुसऱ्याला द्यावी तशी आहे. तो सांगतो की मिसर देशात तुम्ही बी पेरायचात आणि भाजीच्या मळ्याला द्यावे तसे पायाने पाणी द्यायचात. आता जिथे जात आहात तो देश डोंगरांचा आणि खोऱ्यांचा आहे, तो आभाळातल्या पावसावर जगतो. एवढे ऐकून कोणीही शेतकरी म्हणेल की मग मिसरच बरा होता. तिथे नदी ठरल्या वेळी चढते, पाट काढला की पाणी येते, मान वर करून ढग शोधावे लागत नाहीत. मोशे मात्र पावसावरचे हे जगणेच नव्या देशाचे वैभव म्हणून सांगतो. त्या भूमीवर वर्षाच्या आरंभापासून अखेरपर्यंत देवाची नजर असते, असे त्याचे म्हणणे आहे.

हा अध्याय आसगावात बसून वाचणे आणि मोठ्या शहरातल्या सातव्या मजल्यावर बसून वाचणे यांत फरक आहे. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातला आमचा चौरास पट्टा धानाचा. पऱ्हे टाकले की रोवणीपर्यंत जीव टांगणीला लागतो. पाऊस लांबला तर पऱ्ह्यांचे वय निघून जाते, बांधीला भेगा पडतात, रोवणीसाठी ठरवलेल्या बाया दुसऱ्याच्या शेतावर जातात. पाऊस वेळेवर आला तर पुढे तुडतुडा आहे, खोडकिडा आहे, करपा आहे. पीक हाती आले तरी खरेदी केंद्रावरचा नंबर आणि त्यानंतरचे चुकारे यांची वाट पाहावी लागते. माणूस स्वतःच्या बळावर जगतो हे वाक्य अशा गावात कोणी सहजासहजी उच्चारत नाही. ‘वरच्याची मर्जी’ हे शब्द इथे प्रत्येक धर्माच्या माणसाच्या तोंडी आहेत.

म्हणून देवावर अवलंबून राहा हे सांगायला आसगावच्या ख्रिस्ती माणसाला पुस्तकाची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर असे आहे की पावसासाठी देवाकडे पाहणे आणि देवावर भिस्त ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे आपला हात पोचत नाही तिथे आपण देवाला बोलावतो. जिथे हात पोचतो तिथे त्याची आठवणही होत नाही. बी कोणते घ्यायचे, सोसायटीचे कर्ज किती काढायचे, मुलीचे लग्न कुठे ठरवायचे, भावाशी वाटणीचा वाद किती ताणायचा हे सगळे आपण आपल्या हुशारीने ठरवून टाकतो आणि उरलेला भाग, म्हणजे पाऊस आणि आजारपण, प्रभूच्या हाती सोपवतो. आयुष्याची अशी वाटणी पवित्र शास्त्राला मान्य नाही. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आपल्याच बुद्धीवर टेकून राहू नको असे सांगितले आहे, ते सगळ्या मार्गांविषयी आहे. बंद पडलेल्या मार्गांविषयीच नाही.

मोशेलाही ही अडचण ठाऊक होती. त्याच पुस्तकाच्या आठव्या अध्यायात तो लोकांना सावध करतो. पोटभर खाल, चांगली घरे बांधाल, गुरेढोरे वाढतील, सोने-रुपे साठेल, आणि तेव्हा मनात म्हणाल की हे माझ्या हाताच्या बळाने मिळवले. तो दुष्काळाचा इशारा देत नाही, सुबत्तेचा देतो. आमच्या तालुक्यातच हे समजून घेण्यासारखे आहे. जिल्ह्यात पूर्वजांनी बांधलेले तलाव आहेत, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो. २२ एप्रिल १९८८ रोजी गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि वैनगंगेचे पाणी अडवून कालव्यांनी शेतापर्यंत नेण्याचे काम सुरू झाले. धरण ही चांगली गोष्ट आहे, तलावही चांगला. ज्यांची गावे त्या धरणाखाली गेली त्यांचे दुःख मोठे आहे आणि ते विसरता येणार नाही, पण पाणी अडवण्यात अविश्वास आहे असे मी म्हणणार नाही. कालव्याचे पाणी पिणारी जमीनही देवाचीच असते. प्रश्न एवढाच की पाणी आल्यावर शेतकऱ्याच्या प्रार्थनेत काही उरते की नाही.

हा विषय नुसता तत्त्व म्हणून मांडला की हवेत विरतो. म्हणून मी एका मराठी बाईच्या आयुष्याकडे वाचकाला नेऊ इच्छितो. तिच्याइतकी स्वतःवर विसंबण्यास पात्र व्यक्ती त्या काळात दुसरी सापडणे कठीण. पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले, त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला आणि कुटुंबासह तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर पायी हिंडले. १८७० नंतरच्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील आणि बहीण गेली. उरलेली ही मुलगी भावासोबत कलकत्त्याला पोचली, आणि तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन १८७८ मध्ये तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तेव्हा ती वीस वर्षांची होती. दोन वर्षांत भाऊ गेला. लग्न झाले, आणि अवघ्या दोन वर्षांच्या आत पतीही गेला. हातात लहानगी मनोरमा राहिली. या सगळ्यातून ती उभी राहिली ती बुद्धीच्या, धैर्याच्या आणि वाणीच्या बळावर. पुण्यात आर्य महिला समाज, मग इंग्लंड, मग अमेरिका. तिथल्या व्याख्यानांनी आणि १८८७ च्या इंग्रजी पुस्तकाने लोक इतके हलले की बॉस्टनमध्ये तिच्या नावाची संस्था निघाली आणि दहा वर्षे खर्च पुरवण्याचे वचन मिळाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, ते पुढे पुण्यात आले.

अमेरिका आणि शारदा सदनाच्या या साऱ्या काळात ती ख्रिस्ती होती. तिचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला होता. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत ती सांगते की बाप्तिस्म्यानंतरची काही वर्षे तिच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. धर्माची तत्त्वे तिला पटली होती, तिने त्यांचा अभ्यास केला होता, चर्चमधल्या अधिकाऱ्यांशी वाद घातले होते. पण पापाच्या ओझ्याखाली दबलेल्या माणसाने ज्याच्याकडे धावावे त्या प्रभूकडे ती गेली नव्हती. हे तिला १८९० नंतर उमगले. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातली ही कबुली मला फार मोलाची वाटते. आपल्यापैकी कितीजणांना पिढीजात ख्रिस्तीपण मिळाले आहे, घरात शास्त्र आहे, मुलांची नावे शास्त्रातली आहेत, नाताळला घर रंगवतो, आणि तरी संकट नसलेल्या साध्या दिवशी आपण कोणावर टेकून उभे आहोत हे स्वतःला विचारलेले नाही.

रमाबाईंच्या बाबतीत पुढे जे घडले ते नीट पाहिले पाहिजे, कारण ते आपल्या नेहमीच्या कल्पनेच्या उलट आहे. आपल्याला वाटते की देवावर भिस्त ठेवणारा माणूस कामातून मोकळा होतो. रमाबाईंचे काम तिथून पुढे अनेक पटींनी वाढले. १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले, सदनात धर्मांतर होते असा आरोप झाला, सल्लागार मंडळातले रानडे-भांडारकरांसारखे मोठे लोक बाजूला झाले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. अमेरिकेची दहा वर्षांची मुदतही कधीतरी संपणार होती. रमाबाईंनी व्यवहारी माणसाने करावे तेच केले. पुण्यापासून काही अंतरावर केडगावला जमीन घेतली, फळझाडे लावली, म्हणजे मदत थांबली तरी बागेच्या उत्पन्नावर संस्था चालेल. हिशेब बरोबर होता. मुदतीचा, उत्पन्नाचा आणि मुलींच्या संख्येचा मेळ त्यात बसत होता.

मग १८९६ चा दुष्काळ आला, आणि तो आपल्याच मध्य प्रांतात आला. भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. पाऊस लवकर उघडला, धान वाळले, लोक घरे सोडून चालू लागले. रमाबाईंनी स्वतः दुष्काळात आईवडील गमावले होते. रस्त्याच्या कडेला पडलेल्या अनाथ मुली आणि बालविधवा कोणाच्या हाती लागतात हे तिला सांगावे लागत नव्हते. ती मध्य प्रांतात आली आणि मुलींना घेऊन गेली. केडगावची बाग अजून फळाला यायची होती, पैसे पन्नास-साठ जणींच्या बेताचे होते, आणि मुली शेकड्यांनी येत होत्या. बागेच्या हिशेबात त्या कुठेच बसत नव्हत्या. त्या वेळी तिच्या साक्षीप्रमाणे तिला एकच गोष्ट करता आली. प्रत्येक दिवसाची भाकर देवाकडे मागायची, आणि आलेल्या मुलीला परत पाठवायचे नाही. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा पुन्हा तेच घडले, आणि केडगावच्या मुक्ती सदनातल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

देवावर विसंबणे म्हणजे काय हे मला या प्रसंगात दिसते. रमाबाईंनी बाग तोडली नाही. बाग ठेवली, विहिरी खणल्या, मुलींना विणकाम, शेती, छपाई शिकवली, गोठा चालवला. पण दारात उभ्या असलेल्या मुलीला घ्यायचे की नाही याचा निर्णय बागेच्या उत्पन्नावर सोपवला नाही. तो निर्णय आज्ञेने झाला, आणि उत्पन्नाची चिंता आज्ञा देणाऱ्यावर सोडली. आपल्या घरात हाच क्रम उलटा चालतो. आधी परवडते का ते पाहायचे, परवडले तर देवाची इच्छा म्हणायची. शेजारची म्हातारी आजारी आहे, तिला घेऊन भंडाऱ्याला जायला दिवस मोडेल आणि गाडीभाडे जाईल. भाऊ चार वर्षे बोलत नाही, आपण आधी बोललो तर वाटणीत नमते घ्यावे लागेल. अशा जागी आपल्या भिस्तीची परीक्षा होते. तिथे पाऊस पडावा म्हणून केलेली प्रार्थना कामाची नाही. आज्ञा पाळली तर तोटा होईल असे दिसत असताना पाळणे हाच तिथला विश्वास.

रमाबाईंनी ज्यांची चरित्रे वाचली त्यांत ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर होते. १८३६ मध्ये त्यांनी अनाथ मुलांचे काम सुरू केले आणि पुढे हजारो मुलांना सांभाळले. गरज आहे म्हणून माणसांपुढे हात पसरायचा नाही, फक्त देवाजवळ मागायचे, असा त्यांचा नियम होता. म्युलरांच्या गोष्टी आपल्या सभांमध्ये पुष्कळदा सांगितल्या जातात. त्यातला एक भाग मात्र गाळला जातो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हा माणूस आलेल्या प्रत्येक रकमेची नोंद ठेवत असे, पावती देत असे आणि वर्षाचा हिशेब छापून प्रसिद्ध करीत असे. प्रार्थनेने आलेला पैसा म्हणून तो ढिसाळपणे वापरायचा नसतो. देवाचा आहे म्हणूनच त्याचा पैन्‌पै हिशेब द्यायचा असतो. मंडळीच्या दानपेटीचा हिशेब न देता विश्वास ठेवा असे सांगणारा कोणी भेटला, तर त्याला म्युलरांचे नाव घेण्याचा अधिकार नाही हे वाचकाने पक्के धरून ठेवावे.

आता दुसऱ्या एका घराकडे, नारायण वामन टिळकांच्या घराकडे जातो. नागपूरहून राजनांदगावला जाणारी आगगाडी आपल्या जिल्ह्यातून जाते. वरठी, तुमसर रोड, पुढे तिरोडा, गोंदिया. गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता. टिळक नोकरीसाठी राजनांदगावला जात असताना या वाटेवरच्या आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली आणि त्याने त्यांना नवा करार दिला. तो वाचताना टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले आणि तिथेच गुंतले. उद्याची चिंता करू नका, पाखरांकडे पाहा, रानफुलांकडे पाहा असे सांगणारी प्रभूची वचने त्याच प्रवचनात आहेत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला, आणि ९ मे १९१९ रोजी ते वारले. उद्याची चिंता न करण्याची आज्ञा इतक्या शब्दशः पाळणारी मराठी माणसे थोडी. हाती आलेला पैसा त्यांच्याजवळ टिकत नसे. कोणी मागितले की गेला.

टिळकांवर माझे प्रेम आहे, त्यांच्या अभंगांनी अनेकांप्रमाणे मलाही धरून ठेवले आहे. पण या विषयावर लिहायचे तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्या मागे राहिल्या, काही वर्षे विरहाच्या आणि अपमानाच्या सोसल्या, मग पुन्हा नवऱ्याजवळ आल्या आणि १९०० मध्ये स्वतः निर्णय करून बाप्तिस्मा घेतला. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी संसार जसा होता तसा मांडला. त्यात टिळकांविषयी अपार माया आहे, आणि पदोपदी हेही दिसते की उद्याची चिंता टिळकांनी सोडली तेव्हा ती घरात कोणीतरी उचलत होते. चूल पेटवायची होती, आलेल्या पाहुण्याला जेवू घालायचे होते, उधार कोणाकडे मागायचे ते ठरवायचे होते. ते लक्ष्मीबाई करीत होत्या.

या ठिकाणी मी स्पष्ट बोलतो. आपला विश्वास दुसऱ्याच्या खांद्यावर ओझे टाकून उभा राहत असेल तर तो अजून देवावर टेकलेला नाही, तो त्या माणसावर टेकला आहे. आमच्या भागात असे घर पाहायला दूर जावे लागत नाही. पुरुष प्रार्थनासभांना गावोगाव जातो, साक्ष देतो, लोक त्याला विश्वासाचा वीर म्हणतात. बाई रोवणीला जाते, दिवसभर कमरेत वाकून चिखलात उभी राहते, बचत गटाचा हप्ता भरते, मुलाची फी भरते. देव घर चालवतो असे तो सांगतो तेव्हा देवाने कोणाचे हात वापरले हेही त्याने सांगायला हवे. तिची दमणूक त्याने वाटून घेतली तर त्याच्या साक्षीला बळ येईल. लक्ष्मीबाई मात्र खचल्या नाहीत. नवऱ्याने अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे नेले, आणि त्यातला फार मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने महाकाव्याला हात घालावा, यात भिस्त किती होती याचे मोजमाप मला करता येत नाही.

आजारपणाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण इथे चुकीची शिकवण जिवावर बेतते. राजा आसाची गोष्ट दुसऱ्या इतिहासात आहे. पाय दुखू लागले तेव्हा त्याने परमेश्वराला न शोधता वैद्यांना शोधले, असे तिथे म्हटले आहे. हे वचन दाखवून औषध घेणे म्हणजे अविश्वास असे सांगणारे प्रचारक खेडोपाडी फिरतात. आसाचा दोष वैद्याकडे जाण्यात नव्हता, देवाला वगळण्यात होता. त्याच अध्यायात आधी त्याने देवाला वगळून अरामाच्या राजाची मदत विकत घेतल्याबद्दल संदेष्ट्याने त्याला फटकारलेले आहे. तिसरे शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. पौलाने तीमथ्याला पोटाच्या तक्रारीवर उपाय सांगितला. स्कॉटलंडच्या मिशनने भंडाऱ्यात प्रार्थनामंदिराबरोबर दवाखानाही चालवला. धानाच्या बांधीत काम करणाऱ्याला साप चावला तर त्या क्षणी विश्वासाचे काम एकच आहे : गाडी काढायची आणि जिथे सर्पदंशावरचे प्रतिविष आहे त्या रुग्णालयात त्याला न्यायचे. प्रार्थना गाडीत करा. क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर त्या पूर्ण घ्या. ज्या देवाने लिंबाच्या पानात कडूपणा ठेवला त्यानेच माणसाला औषध शोधण्याची बुद्धी दिली.

इथवर लिहिलेले वाचून कोणी म्हणेल की मग काम आपण करायचे, औषध आपण घ्यायचे, हिशेब आपण ठेवायचा, देवावर अवलंबून राहिलो तरी कशात? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला फक्त शब्दांनी उत्तर देता येत नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला आपल्यावर आशियात आलेल्या संकटाचे वर्णन आहे. ते ओझे ताकदीपलीकडचे होते, जगण्याचीही आशा उरली नव्हती. आणि त्यातून त्याला काय शिकायला मिळाले तर स्वतःवर भरवसा न ठेवता मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर तो ठेवायचा. पौल काही आळशी नव्हता. तंबू शिवून स्वतःचे पोट भरणारा, पायी आणि जहाजाने हजारो मैल हिंडणारा माणूस तो. काम थांबवायला त्याला शिकावे लागले नाही. कामाच्या फळावर आपला जीव टांगून ठेवू नये हे मात्र त्याच्यासारख्यालाही मोठी किंमत देऊन शिकावे लागले.

आणि फळ दर वेळी येत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा नदीकाठच्या गावांनी उभे धान पाण्याखाली जाताना पाहिले. त्यात प्रार्थना करणारे होते आणि न करणारेही होते. पाण्याने निवड केली नाही. अशा वेळी ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे जो म्हणतो तो ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीत बसतो, आणि देवाने त्या मित्रांना काय सुनावले ते शेवटच्या अध्यायात वाचता येते. कर्जाच्या ओझ्याखाली वाकलेल्या माणसाला हे वाक्य चुकूनही ऐकवू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला रात्री एकटे सोडू नका, सोसायटीत, बँकेत त्याच्यासोबत जा. पीक गेले म्हणजे आपण गेलो असे ज्याला वाटू लागले आहे त्याला हे ऐकण्याची गरज असते की त्याची किंमत देवाने धानाच्या भावाने ठरवलेली नाही. आणि ते ऐकवण्याआधी त्याच्या घरी आज चूल पेटली का ते पाहिले पाहिजे.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षाकडे मी पुन्हा पुन्हा जातो. मनोरमाबाई त्यांची एकुलती एक मुलगी, कामातला उजवा हात, मुक्ती सदन पुढे चालवायला तयार केलेली. ती १९२१ च्या जुलैत गेली. ज्या बाईने रोज हजारांची भाकर मागून मिळवली होती, तिला आपल्या एकुलत्या एका मुलीचा प्राण मिळाला नाही. त्या वेळी रमाबाई बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. सर्वसामान्य बाईलाही समजावे म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, वयाच्या उत्तरार्धात त्या भाषा शिकून, सदनाच्याच छापखान्यात मुलींकडून खिळे जुळवून ते काम चालले होते. मुलीच्या मृत्यूनंतर त्या त्याच मुद्रितांकडे परतल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला तोवर भाषांतराचे काम हातावेगळे झाले होते. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. मागितले ते मिळाले नाही तरी ज्याच्याकडे मागितले त्याला त्यांनी सोडले नाही. हबक्कूक संदेष्ट्याने अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात जनावर नाही असे मोजून दाखवून मग देवाच्या ठायी आनंद धरला, तो याच जातीचा.

पुढच्या पानांत रोजच्या घरगुती प्रार्थनेसाठी छोटे पाठ आहेत. ते मोठ्या संकटांविषयी कमी आणि साध्या दिवसांविषयी जास्त आहेत, हे मी मुद्दाम केले आहे. मोठ्या संकटात गुडघे आपोआप टेकतात. रानात इस्राएलांना मान्ना मिळत असे तो एका दिवसापुरता. जास्त साठवला की त्यात किडे पडत. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची आज्ञा होती आणि तो टिकत असे. साठवण वाईट नाही, आज्ञेबाहेरची साठवण नासते, असा त्याचा अर्थ मी घेतो. म्हणून या पाठांत पीक विमा काढावा, मुलांच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला ठेवावेत असेही तुम्हाला आढळेल आणि लग्नात ऐपतीबाहेर खर्च करण्यासाठी काढलेल्या कर्जाविरुद्ध कडक शब्दही आढळतील. लोक काय म्हणतील या भीतीने जमीन गहाण टाकणारा माणूस लोकांवर भिस्त ठेवतो, देवावर नाही. माझ्या मते आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांत स्वतःवरच्या विश्वासापेक्षाही हा दोष मोठा आहे.

निर्णय झाल्यावर आशीर्वाद मागण्याची आपली सवय मोडावी, ही एक विनंती प्रत्येक पाठामागे आहे. बैलजोडी विकून ट्रॅक्टर घ्यायचा की नाही, मुलाला नागपूरला शिकायला ठेवायचे की नाही, हे ठरवण्याआधी देवापुढे बसा, आणि उत्तर आपल्या मनाविरुद्ध येऊ शकते एवढी जागा ठेवून बसा. मंडळीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारा. देव पुष्कळदा त्याच्याच तोंडून बोलतो.

आणि हे पाठ घरातल्या पुरुषाने वाचून बाकीच्यांनी ऐकायचे असे करू नका. वाचायला येत असेल त्या प्रत्येकाने पाळीपाळीने वाचा, लहान मुलेसुद्धा. वाचून झाल्यावर आज घराला कशाची चिंता आहे हे आधी घरच्या बाईला बोलू द्या, कारण तिला ते सर्वांत नेमके ठाऊक असते. तिने सांगितलेल्या चिंतेतला जो भाग आपल्या हातांनी उचलता येईल तो त्याच दिवशी उचला, आणि उरलेल्यासाठी मिळून प्रार्थना करा.